सज्ज्याचा जिना

"बाई, परत मोजा! साडेचार फुटांचा घोळ येतोय," मारुती गवंडी मागच्या बोळातून ओरडला.

मी सज्ज्यात टेप धरून ओणवी बसले होते. तिसऱ्यांदा मोजलं. आकडा तोच आला. बाहेरून इमारत जेवढी लांब होती, त्यातून दोन्हीकडच्या भिंतींची जाडी वजा केली तरी आतली लांबी साडेचार फूट कमी भरत होती. एवढी जागा गेली कुठं?

हे १९८८च्या मार्चमधलं. मिरजेतल्या गोविंदबुवा अष्टपुत्रे संगीत विद्यालयाला साठ वर्षं पुरी होत होती आणि समारंभाआधी इमारत तपासून दुरुस्त्या सुचवायचं काम माझ्याकडं आलं होतं. मी एकोणतीस वर्षांची, सांगलीत नुकतंच स्वतःचं ऑफिस थाटलेली आर्किटेक्ट. काम मिळालं ते मात्र जुनी विद्यार्थिनी म्हणून. दहाव्या वर्षापासून सलग नऊ वर्षं मी तिथं अण्णांकडं गाणं शिकले होते. अण्णा म्हणजे गोविंदबुवांचे एकुलते चिरंजीव, दिगंबर अष्टपुत्रे. तेव्हा बहात्तर वर्षांचे. विद्यालयाच्याच मागच्या खोलीत एकटे राहायचे.

इमारत बुवांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी जमीन आणि त्या जमिनीखाली मुद्दाम ठेवलेली कंबरभर पोकळी. भिंतींत वरच्या अंगाला मातीची मडकी आडवी चिणलेली, तोंडं हॉलकडं. त्यामुळं आवाज घुमत नसे आणि विरतही नसे. एका कोपऱ्यात कुणी तंबोऱ्याची तार नुसती चाचपली तरी दुसऱ्या टोकाला कळायचं. आम्ही मुली तिथं कुजबुजायलासुद्धा घाबरायचो.

मागच्या भिंतीला लागून वरच्या बाजूला हा सज्जा होता. पूर्वी बायका इथं बसून गाणं ऐकायच्या. पुढं जमिनीपासून छतापर्यंत लाकडी जाळी, म्हणजे त्यांना गायक दिसावा आणि त्या कुणाला दिसू नयेत. माझ्या आठवणीत सज्जा कायम बंदच. फुटक्या पेट्या आणि तबल्यांची खोडं तिथं पडलेली असायची. आता समितीनं ठरवलं होतं की समारंभाला सत्तर-ऐंशी मुली वर बसवायच्या. वर जायला होता एकच लाकडी जिना, व्यासपीठाच्या कडेचा, जाळी कापून मागाहून बसवलेला, एका वेळी एकच माणूस जाईल असा. दुसरा जिना असल्याशिवाय मी सही करणार नव्हते.

दुपारी अण्णा हॉलमध्ये आले तेव्हा मी विचारलं, "अण्णा, सज्ज्याच्या त्या टोकाला काय आहे? माप जुळत नाही."

"भिंत जाड आहे तिथं."

"दोन फुटांची भिंत आणि वर हे साडेचार, म्हणजे साडेसहा फूट? किल्ल्याला नसते एवढी!"

"जाड आहे म्हटलं ना." नऊ वर्षांत त्यांनी माझा सूर चुकला तरी आवाज चढवला नव्हता. तो त्या दिवशी चढला. "तुला तपासायला सांगितलंय ते तपास. भिंतींना हात लावू नकोस."

तेवढ्यात दारात अंबूताई आल्या. त्या मागच्या बोळात राहायच्या. अण्णांच्या बायकोची थोरली बहीण. अण्णांची बायको लग्नानंतर वर्षभरातच गेली एवढंच आम्हाला ठाऊक होतं. अण्णांनी पुन्हा लग्न केलं नाही. अंबूताई त्याच सुमारास विधवा होऊन माहेरी परतल्या आणि तेव्हापासून रोज दुपारी अण्णांचा डबा आणू लागल्या. विद्यालयाचा उंबरा मात्र त्यांनी ओलांडलेला मी कधी पाहिला नव्हता. डबा पायरीवर ठेवायच्या, म्हणायच्या, "काही कमी-जास्त असलं तर सांगा, दिगंबरराव," आणि वळायच्या. त्या दिवशीही तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा डोळे दाखवायला सांगलीला गेले. ते जाणार हे मला माहीत होतं आणि मी त्याचीच वाट पाहत होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मारुतीनं सज्ज्याच्या टोकाचा गिलावा काढला. आत दगड नव्हताच, विटांचं काम होतं, तेही घाईघाईनं केलेलं. दहा-बारा विटा निघाल्यावर कोंडलेली, कुबट हवा बाहेर आली. मी बॅटरी मारली. दगडी जिना होता. दोन भिंतींच्या मधे चेपलेला, उभा, खाली अंधारात गेलेला.

"हा तर बोळात उतरतोय," मारुती म्हणाला.

आम्ही खाली उतरलो. सतरा पायऱ्या. तळाशी एक सागवानी दार. बोळाच्या अंगानं ते कधीच विटांनी बुजवलेलं असणार, कारण बाहेरून तिथं सपाट भिंतच दिसायची. दाराशेजारच्या कोनाड्यात मला काहीतरी रांगेनं ठेवलेलं दिसलं. बॅटरी जवळ नेली तर चपला होत्या. बायकांच्या. चामडं लाकडासारखं वाळलेलं, उंदरांनी कडा कुरतडलेल्या, पण जोड अजून शेजारी शेजारी. तेरा जोड.

"एवढ्या बायका अनवाणी कशा गेल्या असतील, बाई?" मारुतीनं विचारलं.

मी सवयीनं दार बघत होते. आतून कडी नव्हती, कधी बसवलेलीही दिसत नव्हती. आणि शेवटची पायरी थेट दाराला टेकलेली होती. मी वहीत टिपून घेतलं: दार बाहेर उघडणारं. दुसऱ्या जिन्यासाठी चांगलंच होतं. गर्दी झाली तर लोटा आणि बाहेर पडा. मला आनंदच झाला होता.

बारा वाजता आम्ही धुळीनं माखून पुढच्या दाराशी आलो तेव्हा अंबूताई डबा घेऊन उभ्या होत्या.

"अण्णा सांगलीहून यायचेत, ताई."

"ठेवते मी इथं. काय फोडताय गं?"

"सज्ज्याचा जुना जिना सापडला. बोळात उतरणारा."

त्यांनी डबा पायरीवर ठेवला आणि तिथंच बसल्या. आधी वाटलं, उन्हानं चक्कर आली. मी पाणी आणलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"तो जिना कशाला उघडलास?" त्या म्हणाल्या. "माझी यमू तिथं गेली."

मी त्यांच्या शेजारी बसले. मारुती थोडा लांब जाऊन उभा राहिला.

"असाच मार्च होता. बरोबर पन्नास वर्षं झाली," अंबूताई सांगू लागल्या. "दुपारची बैठक होती, बुवांची. यमूचं लग्न होऊन दहा महिने झाले होते. अठरा वर्षांची होती. मला कुरुंदवाडहून मुद्दाम बोलावून घेतलं, म्हणे, ताई, एकदा ऐक तरी मामंजींचं गाणं. मी पहिल्यांदाच त्या सज्ज्यात चढले. तीसेक बायका होतो. गाणं रंगात आलं आणि मागच्या झरोक्यांतून माश्या आल्या. बाहेर मोठं मोहोळ होतं, बोळात कुणी पालापाचोळा पेटवला असेल, धुरानं उठल्या. काळं काळं झालं सगळं. खाली हॉलमधले पुरुष पुढच्या दारानं पळाले. आमच्यापुढं जाळी. आम्ही जिन्याकडं धावलो."

मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "यमू सगळ्यांत पुढं होती. मी तिच्या मागं. माझ्या मागं बाकीच्या. दार उघडेना. पाऊसपाण्यानं फुगलं होतं ते, आणि आत उघडायचं. आम्ही मागून रेटत होतो, मग ते आत कसं यायचं? तिनं ओढायचं आणि आम्ही ढकलायचं. यमू ओरडत होती, दिगंबरा, दिगंबरा! आमचं दैवत वाडीचा दत्त. मला वाटलं, पोर देवाला हाका मारतेय. तिचा आवाज माझ्या पोटाशी येत होता. मग यायचा थांबला. सहा जणी गेल्या. मी शुद्धीवर आले ती घरी."

"दार फुगलं होतं हे कुणी सांगितलं?"

"बुवांनी. स्वतः घरी आले होते. म्हणाले, अंबू, दार आत उघडणारं, तुमच्याच रेट्यानं बंद राहिलं, कुणाचा दोष नाही." त्यांनी डब्याच्या कडीवरून बोट फिरवलं. "कुणाचा दोष नाही कसा? तिच्या पाठीला माझी छाती लागली होती. मीच चिरडलं तिला. दिगंबररावांचा संसार मी मोडला. ते एका शब्दानं कधी बोलले नाहीत. म्हणून निदान दोन घास तरी."

मी गप्प बसायला हवं होतं. निदान अण्णा येईपर्यंत. पण एकोणतीस वर्षांच्या मला वाटलं की माझ्याकडं या बाईला द्यायला काहीतरी आहे.

"ताई, ते दार आत उघडत नाही," मी म्हटलं. "बाहेर उघडतं."

"काय?"

"आत्ता पाहून आले. शेवटची पायरी दाराला चिकटून आहे. आत उघडायला जागाच नाही. तुम्ही रेटलंत तर ते उघडायलाच हवं होतं. उलट, तेवढ्या रेट्यानं पहिल्या झटक्यात उघडलं असतं."

त्या उठून उभ्या राहिल्या.

"दाखव मला," त्या म्हणाल्या.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो उंबरा ओलांडला. लाकडी जिन्यानं वर चढताना मी मागून आधार देत होते. विटांच्या भगदाडातून त्या वाकून आत गेल्या आणि एकेका पायरीवर बसत, हातांनी चाचपत खाली उतरल्या. मी बॅटरी धरली होती. कोनाड्यासमोर त्या थबकल्या. तिसऱ्या जोडाकडं बोट केलं. "ही माझी," म्हणाल्या, आणि हात न लावता पुढं झाल्या. शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी दाराच्या फळीवर हात ठेवला. मग पायरीवर. मग दोन्हींच्या मधे बोटं घालून पाहिली. बोटंही जाईनात.

"मग उघडलं का नाही?"

"बाहेरून कुलूप असेल, ताई."

वर यायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. आम्ही हॉलमध्ये उतरलो तेव्हा अण्णा दारात उभे होते, एका हातात डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्या हातात पायरीवरून उचललेला डबा. माझे धुळीचे कपडे पाहून ते काही बोलणार होते. मग त्यांना माझ्यामागं अंबूताई दिसल्या.

"दिगंबरराव, दार बाहेर उघडणारं होतं."

अण्णांनी डबा व्यासपीठावर ठेवला आणि त्याच्याशेजारी बसले.

"कुलूप होतं?"

"होतं," अण्णा म्हणाले.

"किल्ली कुणाकडं?"

"माझ्याकडं."

मी निघून जायला हवं होतं की काय, मला आजही ठरवता येत नाही. पण मी थांबले. अण्णा जमिनीकडं बघत बोलू लागले, धडा म्हणून दाखवावा तसे.

"आदल्या महिन्यात बाबांच्या गाण्यात एक बाई रडतं मूल घेऊन मधेच उठली. दार आपटलं. बाबांनी गाणं थांबवलं. म्हणाले, इथून पुढं बायका वर गेल्या की बाहेरून कुलूप. ऐकायचं तर शेवटपर्यंत ऐका. किल्ली दिगंबरकडं राहील. त्या दिवशी मी बाबांच्या मागं तंबोऱ्यावर होतो. किल्ली कनवटीला. माश्या आल्या तसे सगळे बाहेर पळाले. मी वाद्यांच्या खोलीत शिरलो आणि आतून कडी घातली."

"आणि?"

"आणि बसलो."

"किती वेळ?"

"आवाज थांबेपर्यंत." त्यांनी चष्मा काढला. "मग बोळात गेलो. माश्यांच्या भीतीनं बोळातली सगळी दारं बंद होती. कुणी नव्हतं. मी कुलूप काढलं. रात्री बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दार फुगलं होतं, आत उघडणारं दार होतं, एवढंच लक्षात ठेव. वाचलेल्या बायकांपैकी कुणी काही बोललं असेल तर बाबांच्या शब्दापुढं ते टिकलं नाही. आठ दिवसांत विटा चढल्या."

अंबूताई उभ्याच होत्या. माझा आधारही त्यांनी सोडला होता.

"यमूला ठाऊक होतं? किल्ली तुमच्याकडं आहे ते?"

अण्णा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसू लागले.

"ठाऊक होतं?"

"हो. वर जाताना तिनं विचारलं होतं, ताईला मधेच उठावंसं वाटलं तर काय करू? मी म्हटलं, मला हाक मार, मी येईन."

बाहेर बोळात कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"म्हणजे ती देवाला बोलवत नव्हती," त्या म्हणाल्या.

"नाही."

"नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं तिनं."

"नाही. तेव्हाच पहिल्यांदा."

"तुम्हाला ऐकू येत होतं?"

अण्णांनी मान वर करून भिंतींकडं पाहिलं, जिथं ती मडकी चिणलेली होती तिकडं. "या इमारतीत ऐकू येणार नाही अशी जागा बाबांनी ठेवलीच नव्हती," ते म्हणाले.

अंबूताई पुढं झाल्या. मला वाटलं, मारतील. त्यांनी व्यासपीठावरचा डबा उचलला.

"पन्नास वर्षं माझ्या हातचं जेवलास," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. मग त्या पुढच्या दारानं बाहेर गेल्या. त्यांना सोडायला मी मागोमाग निघाले तर हातानंच मला थांबवलं.

अहवालात मी एवढंच लिहिलं: बंद केलेला जुना जिना पूर्ववत खुला करावा. कारण लिहिलं नाही. समितीला आनंद झाला, खर्च वाचला. तो का बंद केला होता हे कुणी विचारलं नाही, आणि प्रमुख म्हणून अण्णांनी न वाचता सही केली. बोळाच्या बाजूच्या विटा निघाल्या, दाराला तेलपाणी झालं, आतून कडी बसली. चपलांचं काय करायचं म्हणून मारुतीनं विचारलं. मी त्या पोत्यात भरून अंबूताईंकडं पोचवायला सांगितल्या. त्यांनी त्या ठेवून घेतल्या.

एप्रिलमध्ये समारंभ झाला. वर सज्ज्यात ऐंशी मुली बसल्या, हसत-खिदळत नव्यानं उघडलेल्या दारानं बाहेर पडल्या. अण्णा गायला बसले नाहीत. तब्येत ठीक नाही असं जाहीर झालं आणि ते खोटंही नव्हतं. समितीनं त्यांना खानावळीचा डबा लावून दिला होता, तो बहुतेक वेळा तसाच परत जायचा. मे महिन्यात त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांना नाव देण्याजोगा आजार सापडला नाही. मी दर दोन दिवसांनी सांगलीहून जायची. आमच्यात बोलणं फारसं व्हायचं नाही. एकदा त्यांनी विचारलं, "तू रागावलीस?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते म्हणाले, "बरोबर आहे."

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी गेले तेव्हा त्यांचा श्वास लागला होता. शेजारचे दोघे-तिघे बसून होते. अण्णांनी मला जवळ बोलावलं.

"अंबूला बोलाव," म्हणाले.

मी धावतच बोळात गेले. अंबूताई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

"ताई, अण्णा बोलावतायत. आता फार वेळ नाही राहिलेला."

"कळलं."

त्या निवडत राहिल्या. मी उभीच.

"एकदाच चला. काही बोलू नका हवं तर. नुसत्या दिसा."

त्यांनी हातातली काडी मोडली, पानं एका बाजूला टाकली, देठ दुसऱ्या. मग वर न बघता म्हणाल्या, "त्याला सांग, ताई निघालीय म्हणून."

मला हायसं वाटलं. "येताय ना? मी थांबते, बरोबरच जाऊ."

"नाही," त्या म्हणाल्या. "मी येणार नाही. पण त्याला तसं सांग."

मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी हे दया म्हणून सांगितलं की दुसरं काही म्हणून, हे मी त्यांना तेव्हा विचारलं नाही. नंतर त्या अकरा वर्षं जगल्या, मी कितीदा त्यांच्याकडं गेले, तेव्हाही नाही.

मी परत आले. अण्णांच्या उशाशी बसले, आणि सांगितलं.

"निघाल्यात?"

"हो, अण्णा. निघाल्यात."

त्यांनी कूस बदलून दाराकडं तोंड केलं. चार वाजेपर्यंत ते तसेच पडून होते, पावलांचा कानोसा घेत.